तिलेकची दोरी कापली ती मी

मित्रांनो, कोक-साय गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गात शिरलात की डाव्या भिंतीवर एक खिळा दिसेल आणि खिळ्याला टांगलेली निळ्या कापडाची पिशवी. त्या पिशवीत मी राहते. मी एक जुनी कात्री आहे. माझे वय शाळेएवढेच, सत्तेचाळीस वर्षे. शिक्षक बदलले, बाके बदलली, भिंतींचा रंग तर किती वेळा बदलला. घंटेच्या खालोखाल जुनी अशी आता मीच उरले आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. आमच्या खिंडीत एक ट्रक कलंडला होता. त्याच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पोलाद गावच्या लोहाराने घरी आणले आणि त्यातून मला घडवले. त्या वर्षी चार वर्गांची शाळा उघडायची होती आणि प्रत्येक घर काही ना काही देत होते. कोणी शेगडीसाठी गोवऱ्या दिल्या, कोणी बसायला लोकरीचे नमदे. लोहाराने मला दिले. पोरांना टोचू नये म्हणून त्याने माझी टोके घासून गोल केली होती. "कापणारी हवी, भोसकणारी नको," असे म्हणत त्याने मला पहिल्या बाईंच्या हातात ठेवले. तो क्षण मी विसरले नाही. बाईंचे हात थंडीने फुटलेले होते, पण पकड प्रेमाची होती.

पुढची कितीतरी वर्षे माझ्यावाचून शाळेचे पान हलत नसे. नव्या वर्षाचे कागदी तारे मी कापले. मुळाक्षरांची चित्रे मी कापली. चौथीची मुले शाळा सोडून जाताना त्यांच्या छातीवर लावायच्या फिती मीच कापल्या. एकदा पहिलीतल्या एका पोराने स्वतःच्या कपाळावरचे केस मुळापासून उडवले. त्यात माझा दोष नव्हता, तरी आठ दिवस मला कुलपात राहावे लागले. गावात लग्न निघाले की बायका शाळेत निरोप धाडत, "शाळेची कात्री दोन दिवस द्या हो, नमदा कापायचा आहे." मी जायची आणि चहा आणि बोरसोकच्या, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, वासात न्हाऊन परत यायची.

मग बाजारातून गुलाबी, पिवळ्या, हिरव्या मुठींच्या लहान कात्र्या आल्या. दिसायला गोड होत्या, मी त्यांना नावे ठेवत नाही. एका हिवाळ्यात शेगडीचा पाइप फुटला आणि घाईघाईत शाळेच्या शिपायाने माझ्याकडून पत्रा कापून घेतला. त्या दिवशी माझी खीळ ढिली झाली. दोन पाती एकमेकींना धरून राहीनात. जाड वस्तू मी कशीबशी कापायची, पण बारीक लोकर पात्यांच्या मधे नुसती दुमडायची. मला खणात टाकले. खडूचे तुकडे, जळका बल्ब, एकटा उरलेला हातमोजा आणि मी. सात वर्षे आम्ही एकमेकांची तोंडे पाहत होतो.

आणि मग तो महिना आला.

आमच्या मुख्याध्यापिका झुमागुल एजे. एजे म्हणजे ताई. आमच्याकडे बाईंना सगळे तसेच हाक मारतात. त्यांनी ठरवले की नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाच्या, आधीचा पुरा महिना शाळेची दारे गावासाठी उघडी ठेवायची. पहिल्या आठवड्यात वाचन, दुसऱ्यात गणित, तिसऱ्यात हातकाम, चौथ्यात खेळ, आणि शेवटी अंगणात नवरोज. शिकवायला गावकरीच यायचे.

पहिले दोन आठवडे मी खणातून ऐकले. आजोबा लोक चष्मे शोधत गोष्टी वाचत आणि पोरे त्यांच्या चुका काढत. गणिताला मेंढपाळ आला, कारण मेंढ्या मोजण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. त्याने बरोबर एक कोकरू आणले. "कोकराने माझा गणिताचा कागद खाल्ला," ही सबब त्या दिवशी तीन मुलांनी सांगितली. त्यातली एक खरी होती.

तिसऱ्या आठवड्यात बूबूसारा आजी आल्या. नमद्याच्या कामात त्यांचा हात सगळ्या खोऱ्यात नावाजलेला. त्यांनी तपकिरी नमद्यावर लाल नमदा अंथरला, वर खडूने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढली. दोन्ही थर एकदम कापायचे, म्हणजे लालमधून निघालेले शिंग तपकिरीत बसते आणि तपकिरीतले लालमध्ये. कापलेले काहीच वाया जात नाही. पण अर्ध्या तासात दोन गुलाबी मुठी मोडल्या.

"ही खेळणी आवरा," आजी म्हणाल्या. "शाळेची कात्री कुठंय?"

खण उघडला आणि उजेडाने माझे डोळे दिपले. मला लोहाराकडे नेले. आता भट्टीवर माझ्या जन्मदात्याचा मुलगा साम्साक असतो. त्याने मला घासून धार लावली, तेल पाजले, पण खीळ ठोकायला तयार होईना. "जुनं पोलाद आहे. ठोकायला जावं आणि तडकली तर? माझ्या बापाच्या हातची आहे ती. अशीच वापरा," म्हणाला.

नमदा जाड असतो, तो मी झकास कापला. त्यामुळे बारीक लोकरीशी माझे जमत नाही हे कोणाच्या लक्षातच आले नाही. एकीच्या सोडून.

ती सेझिम. बूबूसारा आजींची नात, पहिलीतली. तिचा उजवा पाय जन्मापासून जरासा आत वळलेला. चालताना ती अडखळते, पळताना पडते. बाकीची मुले अंगणात शर्यतीचा सराव करत, तेव्हा ती वर्गात बसून नमद्याच्या शिवणीचे लोंबते धागे कापायची. पहिल्या दिवशी मी तिचा एकही धागा धड कापला नाही. तिने मला उलटसुलट करून पाहिले. अंगठ्याने कडी बाहेर ढकलून पाहिली, बोटांनी दुसरी कडी आत ओढून पाहिली. तिसऱ्या दिवशी तिला बरोबर तो तिरका दाब सापडला. माझी पाती एकमेकींना भिडली आणि धागा 'कट्' करून तुटला. मित्रांनो, सात वर्षांनी तो आवाज माझ्या तोंडून निघाला!

"आजी, ही कात्री धाग्याला नखरे करते," ती म्हणाली.

"तू धाग्याचं बघ, मी नमद्याचं बघते," आजी मान वर न करता म्हणाल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, नवरोजला, सेझिमच्या धाकट्या भावाची, तिलेकची, दोरी कापायची होती. बाळ उभे राहून पाऊल टाकू लागले की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची पिळदार दोरी बांधतात. मुले लांबून धावत येतात. पहिला पोचेल तो दोरी कापतो आणि बाळ मोकळे होते. कापणाऱ्याची चाल बाळाला लागते, असे आमच्याकडे मानतात. म्हणूनच कोणी सारखे अडखळू लागले की लोक विचारतात, "तुझी दोरी कापायची राहिली की काय?" सेझिमला हे रोज ऐकावे लागे. बायास्तान नावाचा तिच्याच वर्गातला मुलगा यात सगळ्यांत पुढे. पळण्यातही तोच पुढे.

नमद्यावर बसूनच तिने विषय काढला. "आजी, तिलेकसाठी मी पण धावणार."

तिची काकू झैनेप शेजारी शिवत होती. "अगं बाई! आणि चुकून तुझ्या हातून कापली गेली तर? बाळाला जन्मभर ठेचा खायला लावतेस?"

"माझी दोरी कोणी कापली होती, काकू?"

"तुझी? उलानने. खोऱ्यात त्याच्यासारखा पळणारा दुसरा नव्हता."

"मग मला का नाही लागली त्याची चाल?"

झैनेप काकूने सुई तोंडात धरली आणि ती नवा धागा शोधू लागली. आजींनी हातातला खडू खाली ठेवला.

"धाव," त्या म्हणाल्या. "पण रीत ती रीत. पहिला पोचेल तोच कापणार. रडायचं नाही."

"नाही रडणार."

आजींना ठाऊक होते की ती पहिली येणे शक्य नाही. मलाही ठाऊक होते. फक्त सेझिमला ते मान्य नव्हते. चौथा अख्खा आठवडा मी खिडकीत बसून तिला पाहत होते. शाळा सुटली की ती फाटकापासून पायरीपर्यंत धावायची, पडायची, गुडघे झटकायची, परत फाटकाशी जायची.

नवरोजचा दिवस उजाडला. अंगणात आर्चा या डोंगरी झाडाच्या फांद्यांचा सुगंधी धूर, मोठ्या कढईत रटरटणारी सुमोलोक, म्हणजे गव्हाच्या अंकुरांची खीर, आणि भिंतीवर मुलांनी केलेले दोन नमदे, लाल-तपकिरी जुळे भाऊ. अख्खे गाव लोटले होते. आजींनीच जाहीर केले, "महिनाभर गाव शाळेत आलं. आज दोरीही शाळेच्याच कात्रीनं कापायची." त्यांनी मला एका ताटात, पांढऱ्या रुमालावर ठेवले. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि मग दोरीकडे लक्ष गेले. दोरी बारीक लोकरीची होती!

तिलेक ताटाशेजारी उभा, काखेत आईचे हात, पायांत दोरी. फाटकापासून बारा मुले सुटली. बायास्तान बाणासारखा आला. त्याने मला उचलले, दोरीला लावले आणि दाबले. दोरी दुमडली. पुन्हा दाबले. पुन्हा दुमडली. मी जीव तोडून प्रयत्न केला हो, पण पात्यांची गाठच पडेना.

"अरे, दोरी कापतोस की चघळतोस?" मेंढपाळ ओरडला.

"दात लाव, दात!" कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. बायास्तानचे कान लाल झाले. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाने प्रयत्न केला, तिसऱ्याने केला. तिलेक कंटाळून रडू लागला. साम्साकने कमरेचा चाकू काढला.

"ठेव तो आत," आजी कडाडल्या. "कात्री लावलीय, आता हत्यार बदलायचं नाही. अपशकुन होतो."

साम्साकने चाकू परत कमरेला लावला. तेव्हा सगळ्यांना पावलांचा आवाज ऐकू आला. एक पाऊल जड, एक हलके. शर्यत कधीच संपली होती, पण सेझिम अजून धावत होती. कढईपाशी ती पडली. उठली. तिच्या पुढ्यात अकरा मुले पाठमोरी उभी होती, तरी तिने वेग कमी केला नाही.

बायास्तानने तिच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. "आजी," तो म्हणाला, "हिला येते ही कात्री. हातकामाच्या आठवड्यात हीच धागे कापत होती. हिला द्या."

"चालणार नाही!" झैनेप काकू म्हणाली. "शेवटची आलीय ती. आणि तिचा पाय..."

"पहिला मी आलो ना?" बायास्तान म्हणाला. "कापायचा मान माझा ना? मग तो मी हिला देतो. हे तरी रीतीत बसतं का?"

सगळ्यांनी आजींकडे पाहिले. आजींनी आधी रडणाऱ्या बाळाकडे पाहिले, मग धापा टाकणाऱ्या नातीच्या मातीने माखलेल्या गुडघ्यांकडे. आठवडाभर तिने काय केले ते त्यांनीही खिडकीतून पाहिले असावे.

"बसतं," त्या म्हणाल्या. "ये गं."

सेझिमने मला हातात घेतले. तिने तळवा फ्रॉकला पुसला. बायास्तानने खाली बसून दोरी ताणून धरली. तिने अंगठा बाहेर ढकलला, बोटे आत ओढली. माझी पाती भिडली.

कट्!

काळे-पांढरे दोन तुकडे जमिनीवर पडले आणि अंगणात असा गजर झाला की छपरावरची कबुतरे उडाली. बायकांनी बोरसोक आणि मिठाई उधळली. मेंढपाळाने टोपी हवेत फेकली आणि ती सुमोलोकच्या कढईत पडता पडता वाचली. सेझिमने तिलेकचा एक हात धरला, बायास्तानने दुसरा. मग दोघांनी हात सोडले. तिलेक चार पावले चालला, धपकन बसला, चेहरा वाकडा केला. झैनेप काकू त्याला उचलायला पुढे झाली. तिलेकने दोन्ही हात जमिनीवर टेकले, बूड वर केले, उभा राहिला आणि परत चालू लागला.

"बघ, लागली चाल," आजी म्हणाल्या. "मला हीच हवी होती."

झैनेप काकूने डोक्यावरच्या रुमालाचे टोक डोळ्यांना लावले, आणि सगळ्यांत मोठा बोरसोक सेझिमच्या हातात कोंबत म्हणाली, "खा गं माझी वाघीण, गुडघे तरी धुऊन ये आधी."

मित्रांनो, मी खूप कौतुक पाहिले आणि सात वर्षांची अडगळही पाहिली. म्हणून एवढेच मागते. हत्यार ज्या कामासाठी घडवले त्याच कामाला वापरा, पत्रा कापायला कात्री घेऊ नका. काम झाले की पुसून जागेवर ठेवा. आणि एखादी जुनी वस्तू चालेनाशी झाली, किंवा एखादे माणूस तुमच्यासारखे चालत नसले, तर लगेच खणात टाकू नका. थोडे थांबा, तिसऱ्या दिवसापर्यंत तरी. कुठे तिरका दाब द्यायचा ते तोवर सापडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्यापूर्वीच पहिलीच्या वर्गात रांग लागली होती. बाकावर सेझिम बसली होती, तिच्या हातात मी, आणि ती एकेकाला मला धरायला शिकवत होती.

"अंगठा बाहेर. बाहेर म्हणते ना! तुझं डोकं कुठं आहे?"

रांगेत पहिला उभा होता बायास्तान.