वहिनींच्या गोळ्या

"आणखी जोरात फुंका," पर्यवेक्षक म्हणाले.

शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने गाल फुगवून पुन्हा नळीत फुंकलं. दारू तपासायच्या यंत्रावर शून्य आलं. तक्रार करणारी एका विद्यार्थ्याची आई शेजारीच उभी होती. तिने आकडा पाहिला, मग त्याचं लालबुंद, तेलकट तोंड पाहिलं. यंत्रावर तिचा विश्वास बसेना.

"दारूला मी कधी शिवलो नाही, मॅडम. त्वचेचा आजार आहे हा. रोझेशिया म्हणतात."

"पण हल्ली सकाळी जास्तच लाल दिसता. मुलं बसतात हो तुमच्या गाडीत."

ते खरं होतं. बस सुरू केली की थोड्याच वेळात गालांवर निखारे ठेवल्यासारखी आग व्हायची. पर्यवेक्षक माणूस भला. म्हणाले, "डॉक्टरांना दाखवून या. तोवर गाडी दुसरा कोणी नेईल. नोकरी तुमचीच आहे."

डॉक्टरीणबाईंनी तोंड निरखलं आणि विचारलं, "गोळ्या काही घेता का?"

त्याने पिशवीतून तीन डब्या काढल्या. त्या वहिनींनी आणलेल्या. भाऊ गेल्यापासून वहिनी त्याच्याच घरी राहत, औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसत. दुकानात कोणीतरी सांगितलं, तसं त्यांनी तेलकटपणासाठी जस्ताच्या गोळ्या आणल्या, लाली कमी व्हावी म्हणून माशाच्या तेलाच्या, आणि तिसरी 'तुकतुकीत त्वचेसाठी'. रोज सकाळी त्याच्या चहाच्या कपाशेजारी तीनही मांडून ठेवत.

तिसऱ्या डबीवर डॉक्टरीणबाईंचं बोट थांबलं. "ही नायसिनची, म्हणजे एका ब जीवनसत्त्वाची. हिनेच आग होते. आजपासून बंद. बाकीच्यांनी गुण येईलच असं मी म्हणणार नाही, आणि जस्त मनाने घेत राहू नका. तोंड कशाने धुता?"

"अंगाच्या साबणाने. तेल जावं म्हणून खसाखसा."

"म्हणजे आगीत तेल ओतता." त्या हसल्या. सौम्य साबण, रोजचं औषधी मलम आणि उन्हासाठी वेगळं क्रीम त्यांनी लिहून दिलं.

घरी बायको म्हणाली, "वहिनींना नका सांगू. जिवाला लावून घेतील."

पण त्याने सांगितलं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"म्हणजे मीच तुमच्या तोंडाला आग लावली, भावजी."

"वहिनी, एवढी वर्षं या तोंडाकडे बघून लोकांनी नाकं मुरडली. तुम्ही बघून औषध शोधलंत. तुमच्या डब्या होत्या म्हणून तर कारण सापडलं."

"उगाच समजूत नका घालू."

"नाही घालत. गोळी चुकली, तुम्ही नाही."

वहिनी उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

पुढे आग थांबली. लाली ओसरली, पण पुरती गेली नाही. ती जाणार नव्हतीच. पर्यवेक्षकांनी गाडीची किल्ली परत दिली.

कामावर जायच्या सकाळी तो जिना उतरू लागला, तोच वरून हाक आली, "भावजी, थांबा. कानापाशी क्रीम राहिलंय."

वहिनी दोन पायऱ्या उतरल्या. शेजारी जिन्यावरून ये-जा करत होते. केस पिकलेला तो माणूस मान तिरपी करून मुकाट उभा राहिला, आणि वहिनींनी एका बोटाने, हलक्या हाताने, त्याच्या गालाची कड सारखी केली.