एकदाच विचारणारी माणसं

"आता मी जे सांगतो त्याच्यावर तुमच्यातला एकही जन इश्वास ठेवनार नाही," सहदेव म्हणाला. "आनि ठेवूही नका. तुमची तेवढी लायकी नाही."

धाड गावचा बाजार उठायला आला होता. रस्त्यावर जीपवाले बुलडाण्याच्या नावानं घसा फोडत होते, ऊन अजून अंगणातून हलायला तयार नव्हतं, आणि ओसरीवर सहदेवानं भिंतीला पाठ लावून बैठक मारली होती. समोर लायकी नसलेले चार जण बसले होते. थोरला मुलगा प्रेमानंद, शाळामास्तर. या माणसाला स्वतःचं मत मांडायलाही वरून परिपत्रक यावं लागे. सून बेबीताई, मांडीवर सूप घेऊन तूर निवडत होती. नात महामाया पायरीवर, हातात मोबाइल. आणि शेजारचे लक्ष्मीकांतराव, तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून, जे रोज नेमके चहाच्या वेळेला चुकून यायचे.

लक्ष्मीकांतरावांची नजर आतल्या फळीवर होती. तिथं मेंढीच्या चित्राचा निळा पत्र्याचा डबा होता.

"शंकरपाळे आहेत वाटतं त्यात," ते म्हणाले.

"हायेत. तिथंच राहू द्या," सहदेव म्हणाला.

डबा विलायतेचा. विमानतळावर घेतला, असं तो सांगायचा. दरवर्षी चौदा एप्रिलला घरात गोडधोड झालं की आधी तो डबा काठोकाठ भरायचा, मग त्याला कोणी हात लावायचा नाही, आणि पावसाळ्यात शंकरपाळे सादळले की घरच्यांनी ते मुकाट्यानं खायचे, असा त्या घरातला कायदा होता. कायद्याचं कारण विचारायची पद्धत नव्हती.

आजचा प्रश्न मात्र महामायेचा होता. स्कॉटलंडातल्या एका विद्यापीठानं तिला मातीच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्तीसकट बोलावलं होतं, आणि येते की नाही ते आज दिवस मावळायच्या आत कळवायचं होतं. पोरगी तयार. बाप घाबरलेला. आई अर्धी इकडं, अर्धी तिकडं. शेवटी प्रेमानंदानं रिवाजाप्रमाणं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं. घरात तो देश पाहिलेला माणूस एकच, तेव्हा आबा म्हणतील तसं.

आबांचं, म्हणजे सहदेवाचं, ठरलेलं होतं. पोट्टी जायची नाही. का, ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हता. सकाळचा पेपर तिच्या तोंडून ऐकायची त्याला सवय होती, आणि घरात त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन भांडणारी तीच एक होती. ती गेल्यावर उरणार प्रेमानंद आणि त्याची परिपत्रकं. तेव्हा त्या देशाची अशी माती करायची, की बेबीताईनंच पोरीचा हात धरून ठेवावा, एवढा त्याचा बेत होता.

धाकटा प्रसेनजित तिकडं नोकरीला होता तेव्हा सहदेव त्याच्याकडं राहून आला होता, आणि तिथल्या डोंगरांमधून गेलेली शंभरेक मैलांची एक पायवाट चालून आला होता. एवढं खरं. पुढचं सहदेवाचं.

"प्रसेनजित निघाला माह्यासंगं," त्यानं सुरुवात केली. "पयल्याच दिवशी टाचेले फोड. फोड केवढा, तर मसुराच्या डाळीएवढा. दगडावर बसला आनि म्हने, आबा, वापस जाऊ. म्या म्हन्लं, तू जाय बे, बस धर. मी जिंदगीभर यष्टी चालवली. शेवटचा थांबा आल्याबिगर मले उतरता येत नाही."

"मग एकटेच चालले, मामाजी?" बेबीताईनं विचारलं.

"एकटाच. वारा असा, का सकाळी निंगालो तर संध्याकाळी वापस तिथंच. पाऊस वरून पडतच नाही, बाजूनं येते. छत्री आडवी धरून चाला लागते, ढालीसारखी. आनि मेंढ्या? एकेक मेंढी आपल्या काळीपिवळी जीपीएवढी. सीटा टाकल्या असत्या तर बारा पाशिंजर बसले असते."

"बारा?" लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"दाटून चौदा."

लक्ष्मीकांतरावांनी मान डोलावली. चौदा त्यांना पटले.

"पन जनावरं परवडली," सहदेव म्हणाला. "मानसं लय बेकार. एक म्हातारा होता, घरापुढं फुलझाडं कापून राह्यला होता. मले पाह्यलं आनि म्हने, टी? म्या म्हन्लं, नो, नो, थँक्यू."

इथं सहदेव थांबला, कारण समोरच्या चौघांनाही पुढं काय व्हायला हवं होतं ते पाठ होतं. धाडात काय, उंद्रीत काय, जानेफळात काय, चहाची रीत एकच आहे. यजमान विचारतो, पाहुणा नको म्हणतो. यजमान पुन्हा विचारतो, पाहुणा म्हणतो आत्ताच झाला. तिसऱ्यांदा यजमान विचारतच नाही, आत तोंड करून आधण ठेवायला सांगतो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर चार दिवसांचा उपाशी असतो, नाही तर लक्ष्मीकांतराव असतो.

"मग?" प्रेमानंद म्हणाला.

"मग काय. ओके म्हने, आनि गेला घरात. म्या म्हन्लं, दुसऱ्यांदा विचारायले येईल. आला भाऊ, बाहीर आला. हातात कप. सोताचा. माह्यापुढं उभा राहून फुरकं मारून पेला."

"अरे अरे," लक्ष्मीकांतराव म्हणाले. या गोष्टीतलं हे दुःख त्यांना खरोखर भिडलं होतं.

"दुसरी एक बाई. मोटार थांबवली, काच खाली केली, बसता का म्हने. मी चिंब भिजलेला. म्या म्हन्लं, नो, नो. आता आपला कोन्ताही जीपवाला काय करते? बखोटीले धरून आत कोंबते, वरून म्हन्ते सरका. हिनं ओके म्हन्लं, काच वर, चालली. मी तिच्या मांगच्या लाल लाइटाकडं पाहत उभा. वाटलं, पुढून वळवून आनन. कायची वळवते."

"आबा, पहिल्यांदाच हो म्हणायचं ना," महामाया म्हणाली.

"पयल्या झटक्यात? मी काय उपाशी आलो होतो का त्यायच्या देशात?"

"उपाशीच होते ना?"

"होतो. पन ते त्यायले काऊन सांगू?"

महामायेनं ओठ दाबले. बेबीताईचं तुरीवरचं बोट मात्र थबकलं होतं, आणि सहदेवानं ते तिरप्या नजरेनं टिपलं. एसटीच्या आरशात मागच्या सीटवरचा बिनतिकिटाचा दिसतो, तसं त्याला सगळं दिसायचं.

"आता ऐका त्यायच्या अकलेची गोष्ट. वाटेवर, झाडाखाली, एक पेटी. झाकन उघडलं तर आत केक, सफरचंदं, पान्याच्या बाटल्या. वर लिवलेलं, चालनाऱ्यानं पाहिजे ते घ्यावं. राखायले कोनी नाही. कुत्रं नाही."

"म्हणजे फुकट?" लक्ष्मीकांतराव पुढं सरकले.

"असं लिवलेलं खरं असते काय कुठं? आपल्याकडं लिवतात, प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं. ते खरं असते. म्या म्हन्लं, कोन्या भोळ्या बाईची पेटी हाय, इसरून गेली. अशी उघडी टाकून पुढं जावं तर मन घेत नाही. बसलो राखत."

"किती वेळ?"

"येईल तवा येईल. लोकं येत. ढुंगनावर थैल्या बांधलेले, हातात दोन दोन काठ्या, धडधाकट मानसं आनि चालतात लंगड्या बकरीवानी. पेटीले हात घालत. म्या म्हनो, नो. एका पोट्ट्यानं केक उचलला, त्याले म्या तो वापस ठेवा लावला. थोडा खाल्लेला होता, तरी ठेवा लावला."

महामाया आता उघड हसत होती. प्रेमानंदाला हसावं की नाही ते कळत नव्हतं.

"दिवस कलला तशी आली बाई. माह्याच वयाची, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट. पाहते तं काय, पेटी जशीच्या तशी भरलेली. म्या उभा राहून सलाम ठोकला. म्हन्लं, ऑल करेक्ट. डेपोत गाडी जमा करताना म्हनावं तसं."

"मग ती काय म्हणाली, मामाजी?"

सहदेवानं श्वास घेतला. सगळी गोष्ट ह्या एका वळणासाठी इथवर हाकत आणली होती.

"थँक्यू म्हने. पेटी उचलली आनि गेली. दिवसभर भिजत बसलेल्या मानसाले पानीसुदा विचारलं नाही. तिथं ही पोट्टी एकटी राहनार. उद्या तापानं फनफनली, तर शेजारीन दारातून एकदा विचारन, बरी हायस का? आनि ही आपल्या वळनाची. म्हनन, हो, बरी हाय. झालं. ती ओके म्हनन आनि काच वर."

महामायेचं हसू गेलं. बेबीताईनं सूप खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि ती उठून आत गेली. रडायला गेली, सहदेवानं ओळखलं. काम झालं होतं. इतकी वर्षं सगळ्यांना थापा मारल्या, पण एवढी बेमालूम बसलेली ही पहिलीच.

"आबा म्हणतात तर नकोच," प्रेमानंद सुटकेच्या सुरात म्हणाला. "कळवून टाक बाई, येत नाही म्हणून."

महामायेनं मोबाइल उघडला. तिनं आजोबाकडं पाहिलं. सहदेव रस्त्यावरची जीप बघत होता. तिच्यात काय बघण्यासारखं होतं ते त्यालाच ठाऊक.

बेबीताई बाहेर आली. रडलेली अजिबात दिसत नव्हती. तिच्या हातात निळा डबा होता. तिनं तो पोरीच्या मांडीवर ठेवला, मोबाइलवर.

"बॅग भरशीन तवा हा आधी ठेव."

लक्ष्मीकांतरावांचा पुढं आलेला हात मागं गेला.

"काऊन बाप्पा?" सहदेव म्हणाला. "माह्या इमानतळावरच्या डब्याले काऊन हात लावला?"

"इमानतळावरचा? तुम्ही आले त्या दिवशी हा मीच घासला, मामाजी. तळाले केकाचा भुगा चिकटून होता. दुकानदार काय अर्धा खाऊन डबा इकते?"

"इमानात खाल्ला असन मी."

"असन. मग दर साली चौदा एप्रिलले मले हा भरा काऊन लावता? कोनाले खाऊ देत नाही, कोनाले देत नाही. सादळला का वाटून टाकता, आनि पुढच्या साली पुन्हा भर म्हन्ता. मी परक्या घरून आली, पन एवढं मलेही कळते. भरून आलेला डबा रिकामा वापस देत नाहीत. नेनारं कोनी भेटलं नाही म्हनून हा फळीवर बसून राह्यला." ती सासऱ्याच्या समोर खाली बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढचं सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या रबरी बुटाच्या बाईनं तुम्हाले इचारलं नाही, हे मले मान्य हाय. इचारलं असतं तं तुम्ही नो म्हन्लं असतं. तिनं न इचारता हाताले धरून घरी नेलं, जेवू घातलं आनि वरून वाटेसाठी डबा देल्ला. तुम्ही खोटं बोलून राह्यले, मामाजी."