नंदाखालच्या रोलरने पुसलेली खूण

मित्रांनो, मी हिरवळ दाबून सपाट करणारा एक जुना लोखंडी रोलर आहे. नंदाखाल गावातल्या एका वाडीत, केळींच्या मागे मी पडून असतो. माझ्या दांड्यावर आता घेवड्याचा वेल चढला आहे.

माझी उमेदीची वर्षे मुंबईच्या एका क्लबात गेली. तिथे हिरवळीवर टेनिस चाले आणि हिरवळ राखायचे फेबियनकाका. ते निवृत्त झाले त्याच वर्षी, १९९१ साली, क्लबाने मलाही मोडीत काढले. काकांनी मला टेम्पोत घातले आणि गावी आणले. वाडीचा एक तुकडा मोकळा करून त्यांनी दूर्वा लावल्या, पाणी घातले आणि मला रोज फिरवून कोर्ट तयार केले.

काकांना वेड होते विम्बल्डनचे. गावच्या पोरांना ते सांगत, "१८७७ साली लंडनच्या त्या क्लबाचा रोलर मोडला. दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून त्यांनी स्पर्धा भरवली. बावीस पुरुष खेळले. बायकांना खेळायला मिळालं ते पुढं सात वर्षांनी." हे ऐकताना माझी छाती फुगायची. इतकी मोठी स्पर्धा, आणि तिच्या मुळाशी आमच्यातलाच एक!

दर नाताळच्या सुट्टीत काका वाडीत तशीच स्पर्धा भरवू लागले. कपडे पांढरे. एकदा हरला की घरी. मुलींचे तीन सेट, मुलांचे पाच. तिकडे तेव्हा मधल्या रविवारी खेळ बंद असे. आमच्याकडे तो दिवस चर्चमधल्या मिस्सेचा, त्यामुळे तो नियम सगळ्यांनाच पटला. शेवटच्या सेटला टायब्रेक नाही, दोन गेमनी पुढे जाईल तोच जिंकणार.

काकांची लेक उर्सुला सोळा वर्षांची झाली, ते १९९८ साल. ती अंतिम फेरीत पोचली. समोर होती तिची जिवाभावाची मैत्रीण, शेजारच्या वाडीतली ज्ञानदा. काका सुताराच्या उंच लाकडी घोड्यावर अंपायर म्हणून बसले. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी बोलले, "बापच अंपायर! मग काय, पोरगीच जिंकणार." काकांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

तिसऱ्या सेटमध्ये ज्ञानदा आठ-सात अशी पुढे होती. तिला आणखी एकच गुण हवा होता. उर्सुलाने चेंडू जीव खाऊन मारला. तो कोर्टाच्या कोपऱ्यात, माझ्यापासून दोन हातांवर, रेषेवर पडला. पांढरी फक्की उडाली.

"आउट!" काका म्हणाले.

"पप्पा, फक्की उडाली! बघितलंस ना तू?"

"अंपायरनं दिलं ते दिलं."

उर्सुलाने हुज्जत घातली नाही. रॅकेट घोड्याच्या पायाशी ठेवून ती घरात गेली.

सगळे पांगल्यावर काका त्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले. रेषेवर चेंडूची खूण स्वच्छ उमटली होती. त्यांनी तिच्यावर बोट फिरवले. "आत होता रे," ते मला म्हणाले. "मला वरूनही दिसला होता. लोक काय म्हणतील, याला भ्यालो." मग माझा दांडा धरून त्यांनी मला त्या खुणेवरून फिरवले. एकदा, दोनदा, तीनदा. त्या दिवशी मी माझे काम केले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

उर्सुलाने पुन्हा रॅकेट धरली नाही. पुढच्या नाताळात स्पर्धा भरली नाही, नंतरही नाही. ती नर्सिंग शिकली, कुवेतला गेली. दर रविवारी तिचा फोन येई. त्याआधी काका माझ्यापाशी येऊन घोकत, "उर्सुला, त्या दिवशी मी चुकलो..." घरात घंटी वाजली की धावत जात, आणि खिडकीतून मला ऐकू येई, "जेवलीस का गं? तिकडं ऊन फार आहे का?" बस, तेवढेच. अशीच काही वर्षे गेली.

२००६ च्या मे महिन्यात केळींना पाणी लावतानाच काका कोसळले. उर्सुला आली ती थेट मातीला. दुसऱ्या दिवशी ती ज्ञानदाला घेऊन इकडे आली. गुडघाभर गवतात दोघी उभ्या राहिल्या.

"तू समोर होतीस. खरं सांग," उर्सुला म्हणाली.

ज्ञानदाने मान खाली घातली. "आत होता गं. पण मला कप हवा होता."

उर्सुलाने पायाने गवत बाजूला सारले. मग म्हणाली, "पप्पाला दिसलाच नसणार. दिसला असता तर इतक्या वर्षांत एकदा तरी बोलला असता ना?"

आणि ती रडू लागली. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. तिच्या बापाने केलेली चूकही मला ठाऊक होती, आणि त्याने गिळलेले ते वाक्यही. मला ते तिला देता आले नाही. चार दिवसांनी ती परत गेली.

मित्रांनो, माझा गंज खरवडा, मला वंगण द्या, असे मी म्हणत नाही. माझे दिवस झाले. पण घरातल्या कोणाशी तुमचे असे एखादे वाक्य अडले असेल, तर आजच जाऊन त्याला सांगा. लोखंडाला सांगू नका. आम्ही सगळे ऐकून घेतो, पण पोचवू शकत नाही.