सुयांच्या खोलीतली घंटी

मित्रांनो, टेबलाचा खालचा खण उघडलात, तर कापसाच्या पुडक्यामागे मी सापडेन. मी एक जुनी पितळी घंटी आहे, लिंबाएवढी, लाकडी मुठीची. माझा आवाज अजून खणखणीत आहे. मला वाजवणारं मात्र आता कोणी नाही.

तरुणपणी मी एका औषधाच्या दुकानात होते. ज्याला त्याला घाई, त्यामुळे दिवसभर माझी मान मोडायची. ते दुकान बंद झालं तेव्हा सुईताईंनी मला मागून घेतलं.

सुईताई हे प्रसूतिगृहातल्या परिचारिकांनी ठेवलेलं नाव. त्या ॲक्युपंक्चर करतात. बाळंतिणीचं दुखणं हलकं व्हावं म्हणून केसासारख्या बारीक सुया तिच्या हातापायांवर ठरावीक जागी टोचतात. कळा सोसून आलेल्या बायका त्या सुया पाहून घाबरायच्या आणि मग स्वतःलाच हसायच्या. सुया लागल्या की वीस मिनिटं हलायचं नाही. सुईताई मला तिच्या उजव्या हातात द्यायच्या, "काही वाटलं तर वाजवा" म्हणायच्या आणि दुसऱ्या खोलीत जायच्या. मग मी आणि ती, दोघीच.

कोणाला बरं वाटायचं, कोणाला नाही. पण माझं कौतुक सगळ्या करायच्या. घंटी हातात असली की धीर असतो, म्हणायच्या. मी क्वचितच वाजायचे. त्याचा मला अभिमान होता, आणि इथेच माझं चुकलं.

एके दिवशी एक शिंपीण आली. पोट चिरून बाळंतपण झालेलं, तिसरा दिवस. टाके इतके दुखत होते की तिला बाळ उचलता येत नव्हतं. तिला बाकी काही नको होतं, फक्त बाळाला आपल्या हातांनी जवळ घ्यायचं होतं. नवरा कामासाठी दूरगावी होता. सोबतीला मावशी होती, पण ती सकाळपासून एकच पालुपद लावून बसली होती, की जगात तूच पहिली बाळंतीण नाहीस, सहन करायचं असतं. शिंपीण आडवी होताना सुईताईंना म्हणाली, "आजवर मी कापडाला टोचलं, आता माझी पाळी."

त्या दिवशी सुईताईंनी तिच्या दोन्ही हातांना अंगठ्याजवळच्या बेचक्यात सुई लावली. तेवढ्यात बाहेरून घाईचं बोलावणं आलं. सवयीने त्यांनी मला तिच्या उजव्या तळहातावर ठेवलं आणि त्या गेल्या. बोटं मिटली की सुई ओढायची. मला धरायचं कसं?

थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीत मावशीजवळ बाळ रडायला लागलं. तिचंच होतं. तिने बोटं मिटून पाहिली, कळवळली आणि सोडून दिली. हाक मारायची तर पोटावर ताण यायचा. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं, तेही तिला पुसता येईना. मग ती अगदी हळू माझ्याशी बोलली, "तू तरी बोल गं."

मित्रांनो, माझा लोलक माझ्या पोटातच होता. पण कोणी हलवल्याशिवाय मला बोलता येत नाही. तेवढं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

वीस मिनिटांनी सुईताई आल्या. त्यांनी तिचा ओला कान पाहिला, मग हातातली सुई, मग मला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने सुया काढल्या, बाळाला आणून तिच्या कुशीत ठेवलं आणि विचारलं, "हाक का नाही मारलीत?"

"सकाळपासून मारतेच आहे," शिंपीण म्हणाली. "सगळे म्हणतात, सहन करायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सुईताईंनी पलंगाशेजारी एक स्टूल आणून ठेवलं. सुया लावल्यावर त्या वीस मिनिटं तिथेच बसल्या आणि शिंपीण आपल्या शिवणाच्या दुकानातल्या गमती सांगत राहिली. दोन दिवसांनी तिने बाळ स्वतः उचललं. हा गुण सुयांचा, दिवसांचा की त्या स्टुलाचा, ते मला ठाऊक नाही.

तेव्हापासून सुईताई कोणाही बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत. शेजारी माणूस असल्यावर घंटी कशाला लागेल? म्हणून मी खणात आले. इथे अंधार आहे आणि करमत नाही, हे खोटं कशाला बोलू? पण बाहेरून दोघींच्या बोलण्याचा आवाज आला की माझी तक्रार विरून जाते.

मला बाहेर काढा असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरी कधी बाळ आलं, तर त्याला पाहून झाल्यावर त्याच्या आईजवळही घटकाभर बसा. तिला कुठे दुखतंय ते विचारा, आणि ती सांगेपर्यंत उठू नका. त्या दिवशी वीस मिनिटांत मी एकदाही वाजले नव्हते, आणि बाहेर सगळ्यांना वाटलं होतं की आत सारं ठीक आहे.