सरकारी शेताचा बोजारा

शकुबाईनं निराधारचे पैसे सोडले तेव्हा अख्ख्या गावानं तिला वेड्यात काढलं. घरबसल्या मिळणारा घास लाथाडून ही चिखलात उतरायला निघाली, म्हणजे हिला सुखाचं अजीर्ण झालं, असं जो तो म्हणाला. म्हणणाऱ्यांचं काय जातं? अनुदान महिनोन्‌महिने अडकून पडायचं, तेव्हा यांतल्या एकानंही तिच्या चुलीकडे डोकावून पाहिलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तालुक्याहून एक साहेब आले होते. गावाबाहेरच्या पडीक सरकारी जमिनीत बियाण्याचा धान लावायचा, ज्या निराधार बायांच्या हातापायांत बळ आहे त्यांना तिथं बारमाही काम द्यायचं, मात्र कामावर आली की तिचं अनुदान बंद, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. शकुबाई पन्नाशी ओलांडलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक भद्रावतीला दिलेली. अनुदानासाठी दरवेळी कचेरीत उभं राहून ‘माझं कोणी नाही’ असं म्हणावं लागे. पोटची लेक असताना, भिंतीवर बाबासाहेब असताना असं म्हणायला तिची जीभ अडखळायची. म्हणून तिनं सगळ्यांत आधी अंगठा दिला. घरी आल्यावर मात्र घोर लागला. उद्या हे कामही बंद पडलं तर? पुन्हा निराधार व्हायला किती खेटे घालावे लागतात, ते तिच्या टाचांना पक्कं ठाऊक होतं.

पण काम सुरू झालं आणि चांगलं चाललं. मुकादम मुखरू गावचाच, तोंडानं फटकळ पण मनानं बरा. गिरजाबाई, रुखमा आणि आणखी कितीतरी बाया चिखलाच्या बांध्यांमध्ये वाकून धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, रोवत होत्या. सगळं होतं, फक्त मालक कुठं दिसत नव्हता.

झाडीपट्टीतल्या बाईला मालक लागतो तो हुकूम सोडायला नव्हे, बोजाऱ्याला. रोवणीच्या शेवटच्या दिवशी बाया मालकाला चिखल लावतात आणि बोजारा मागतात. मग मालक आपल्या ऐपतीप्रमाणे त्यांचं तोंड गोड करतो. या गावात त्याला आणखी एक गाठ होती. ज्यानं बोजारा दिला त्यानं कापणीला त्याच बायांना बोलवायचं, आणि त्यांनीही दुसऱ्याच्या शेतात विळा घालायचा नाही. म्हणजे बोजारा मिळाला की दिवाळीनंतरच्या पोटाची चिंता मिटली.

शकुबाईनं मुखरूला विचारलं, मालक कोण? तो म्हणाला, सरकार. सरकार राहतं कुठं? तो म्हणाला चंद्रपूरला, मग डोकं खाजवून म्हणाला मुंबईला. मुंबईहून बोजारा यायचा असला तर वाटेतच शिळा होईल, असं रुखमा म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. शकुबाईला हसू आलं नाही. सरकारला चिखल लावायचा कुठं, आणि तो लावला नाही तर कापणीला बोलावणार कोण, हेच तिला उमगेना.

शेवटच्या दिवशी नेमके साहेब जीपमधून पाहणीला आले. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि वयानं मोठी म्हणून शकुबाईला पुढं ढकललं. तिनं चिखलाचा हात साहेबांच्या पांढऱ्या पॅन्टला लावला आणि बोजारा मागितला. मुखरूचा चेहरा उतरला. त्यानं हात जोडून रीत सांगितली, तेव्हा साहेब हसले. भला माणूस होता. बांधावर चढून त्यांनी छोटंसं भाषणच केलं. मी कसला मालक, मी तर नोकर, हे शेत तुमचंच, असं म्हणत त्यांनी समोरच्या शकुबाईकडे हात केला.

“तुम्हीच मालक आहात, बाई.”

साहेब गेले. भाषणातलं वाक्य भाषणातच सोडून जायचं असतं, हे साहेबांना माहीत होतं. बायांना नव्हतं. गिरजाबाईनं ओंजळभर चिखल उचलला आणि शकुबाईच्या दोन्ही गालांना फासला.

हसावं की रागवावं, तिला कळेना. पण लागलेला चिखल काही परत करता येत नाही. तिनं घरातले पोहे काढले, गूळ फोडला, अंगणात बाया बसवल्या आणि मूठमूठ वाढलं. जन्मभर तिनं बोजारा घेतला होता, दिला कधीच नव्हता. अनुदान गेलं म्हणून आपण मालक झालो, की मालक झालो म्हणून अनुदान गेलं, याचा उलगडा तिला पुढं कित्येक दिवस झाला नाही.

धान निसवला, लोंब्या पिवळ्या झाल्या, आणि काम थांबलं. वरून निधी आला नाही, एवढं सांगून मुखरू तलावाच्या कामावर निघून गेला. शकुबाई तालुक्याला गेली. जुन्या साहेबांची बदली झाली होती. कचेरीतल्या बाबूनं सांगितलं की कापणीची मंजुरी नाही, म्हणून काम नाही. मग निराधारचे पैसे? ते कसे मिळणार, तुमचं नाव तर कामावर आहे! जिला काम नाही पण जी कामावर आहे अशी बाई म्हणजे नेमकी कोण, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तोवर बाबू चहाला उठला.

गावात शिरली तर गिरजाबाई दारातच बसलेली. पाटलाकडचं कापणीचं बोलावणं तिनं आणि रुखमानं परतवलं होतं. शकुबाईचा बोजारा खाल्ला होता ना!

“आमाले कापनीले कवा बोलावून राह्यली, शकुबाई? धान तं झडून राह्यला.”

आपलीच खात्री नाही आणि या आपल्या भरवशावर उपाशी बसल्यात! रात्र तिनं कूस बदलत काढली. उजाडल्यावर घरोघर फिरली आणि विळे घेऊन या म्हणाली.

धान कापला, भारे बांधले, खळ्यावर भाऱ्यांची रास, पुंजणं, रचलं. रिवाजाप्रमाणे तिनं प्रत्येकीला मजुरीच्या पेंढ्या दिल्या. स्वतःला मात्र घेतल्या नाहीत, कारण मालक मजुरी घेत नाही आणि आपण मालक आहोत की नाही हे ठरलेलं नव्हतं. मग राखणीला पुंजण्याशी बसून राहिली.

जीप आली ती नव्या साहेबांना घेऊन. कोणाच्या परवानगीनं कापलं, असं त्यांनी दरडावून विचारलं. बायांनी शकुबाईकडे पाहिलं. ती उठली.

“मी बोलावलं जी.”

“तुम्ही कोण?”

“तेच इचारासाठी बसली आहो, साहेब. निराधार म्हना, तं पैसे चालू करा. मजूर म्हना, तं काम द्या. मालक तं तुमच्याच साहेबानं केलं. यातलं कोनतंबी एक सांगा, मी तेच होईन.”

साहेबांनी पुंजण्याकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं. वर विचारून कळवतो, तोवर याला कोणी हात लावू नका, असं म्हणून ते जीपमध्ये बसले.

धुरळा बसल्यावर गिरजाबाईनं विचारलं, “काय म्हनला?”

“इचारून सांगतो म्हनला.”

“कोनाले?”

शकुबाईनं जीपच्या वाटेकडे बोट केलं.

“त्यालेबी मालक ठाऊक नाई, बाई.”

मग तिनं पुंजण्याची एक सुटलेली पेंढी आत सारली आणि गिरजाबाईला बसायला जागा करून दिली. धान उघड्यावर होता, रानडुकरं यायची वेळ झाली होती, आणि कोणीतरी राखायला हवंच होतं.