एकोणिसावा नमुना

ट्रे उलटला तेव्हा लॅबच्या बाई चांगल्या चार पावलं लांब होत्या. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या दप्तराचा पट्टा ट्रेच्या कडीत अडकला आणि अठराच्या अठरा दगड फरशीवर घरंगळले. नववीचा वर्ग खदाखदा हसला. मागच्या बाकावर वही उघडून बसलेल्या मुख्याध्यापिका मात्र हसल्या नाहीत.

"अगं बाई गं!" एवढंच म्हणत बाई गुडघ्यांवर बसल्या आणि दगड गोळा करू लागल्या.

हसणाऱ्या पोरांना काय कल्पना, की त्या ट्रेतला क्रम हीच त्यांच्या सरांची अब्रू होती! दगडांवरचे पांढरे आकडे हाताळून हाताळून केव्हाच पुसले गेले होते. गेले सात महिने बाई रोज सकाळी दगड एकाच क्रमाने मांडत. सर ओळीने बोट ठेवत जायचे आणि बोलायचे, संगजिरे, जिप्सम, कॅल्साइट. नाव डोक्यातून गेलं तरी जागा हाताला आठवायची.

बाई म्हणजे सरांची बायको. सव्वीस वर्षं दोघं याच शाळेत होती. शाळेत 'सर' आणि 'बाई', घरी 'अहो' आणि 'अगं', हा नियम लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सरांनीच घातला होता. हल्ली मात्र ते घरीही 'बाई' म्हणायला लागले होते. "बाई, तेवढा दिवा लावता का?" बाईंना हसू यायचं. थट्टा सुचतेय ना अजून, मग माणूस पुरता हातचा गेलेला नाही, असं त्या मनाशी म्हणायच्या.

बाकी सगळं सुटत चाललं होतं. वार, किल्ल्या, शेजाऱ्यांची तोंडं. एकच धडा त्यांनी एका वर्गाला तीनदा शिकवला, तेव्हा पालकांची पत्रं आली. सोमवारी मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं होतं.

"शुक्रवारी मी स्वतः तासाला बसणार. जमलं तर ठीक. नाही जमलं, तर मला त्यांना घरी बसवावं लागेल."

"घरी बसवलंत तर ते संपतील हो," बाई म्हणाल्या होत्या. "दगड तेवढे उरलेत त्यांच्याजवळ."

आणि आज शुक्रवार. बाईंनी हाताला येतील तसे दगड ट्रेत ठेवले. क्रम लावायला वेळच नव्हता. वर बघतात तो सरांनी एक करडा-काळा, जड दगड उचललेला. ते त्याच्याकडे नुसते बघत होते. हेमाटाइट, बाईंनी ओठ हलवले. सरांचं लक्ष नव्हतं.

"दगडसर हँग झाले," कोणीतरी कुजबुजलं. मुख्याध्यापिकांनी पेनाचं टोपण काढलं. संपलं, त्यांना वाटलं.

"याचं नाव मी सांगणार नाही," सर एकदम म्हणाले.

हसणारी पोरं पुढे सरकून बघू लागली.

"नावं काय, पोपटसुद्धा पाठ करतो. ज्याचं नाव ठाऊक नाही तो कसा ओळखायचा, ते शिका. घाबरायचं नाही. खुणा बघायच्या." त्यांनी फरशीचा खडबडीत पांढरा तुकडा पुढे ओढला आणि दगड त्याच्यावर घासला. "कुठला रंग उमटला?"

"लाल! अय्या, काळा दगड आणि लाल रेघ!"

"दिसतं एक आणि घासल्यावर निघतं दुसरं. हं, पुढे. नखाने ओरखडा उठतो का? नाही? चाकूने? चुंबक लावून बघा."

मग पोरं ट्रेवर तुटूनच पडली. कोणी नखाने खरवडत होतं, कोणी तांब्याचं नाणं मागत होतं, एकाने काचेवर गारगोटीने आपलं आद्याक्षर कोरलं आणि पाठीत धपाटा खाल्ला. ट्रे पाडणारी मुलगी पुस्तकातला तक्ता चाळून ओरडली, "सर, हेमाटाइट!"

"शाब्बास," सर म्हणाले. मग स्वतःशीच दोनदा पुटपुटले, "हेमाटाइट. हेमाटाइट."

घंटा झाली तेव्हा अठराही दगडांची नावं फळ्यावर लागली होती. मुख्याध्यापिका जाताना बाईंपाशी थांबल्या.

"असा तास मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. वर्ष पुरं करू द्या त्यांना."

बाई आतल्या खोलीत गेल्या आणि टेबल पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून मनसोक्त रडल्या. वर्षअखेरपर्यंतचे दिवस मिळाले होते. तेवढे दिवस काय थोडे असतात?

शाळा सुटल्यावर त्यांनी दगड पुन्हा क्रमाने लावले. नाणं ठेवायला सरांचा खण उघडला, तर आत रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा होता. दर दगडाला एक कार्ड. रंग, रेघ, चकाकी, काठिण्य, आणि खाली नाव. अक्षर तेच, सुबक. अच्छा, म्हणजे आजचा तास आयत्या वेळी सुचलेला नव्हता. माणूस गुपचूप तयारी करत होता तर! बाईंना त्यांचा अभिमान वाटला. त्यांनी कार्डं मोजली. एकोणीस भरली.

शेवटचं त्यांनी खिडकीपाशी नेऊन वाचलं.

'नमुना १९. ठिकाण: प्रयोगशाळा. रंग गव्हाळ. उजव्या भुवईत जुना व्रण. बोलण्याआधी घसा खाकरते. हात कायम गार. संध्याकाळी माझ्याबरोबर येते, घराची किल्ली तिच्याचकडे असते. कोण, असं विचारू नये. तिला वाईट वाटेल.

नाव:'

पुढची जागा कोरी होती. खोडरबराने घासून घासून तिथला कागद पातळ झाला होता.

बाईंनी पेन्सिल उचलली. कितीतरी वेळ ती हातात तशीच राहिली. लिहिलं तर त्यांना कळेल, की हिने वाचलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, कार्ड सर्वांत शेवटी होतं तिथे घातलं, रबरबँड लावला आणि खण बंद केला.

दाराशी पावलं वाजली. खांद्याला पिशवी लावून सर उंबऱ्यावर उभे होते. आत यावं की नाही, अशा विचारात. त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती.

बाईंनी कपाळावरचे केस मागे सारले, उजवी भुवई नीट दिसेल असे. मग घसा खाकरला.

"चला सर," त्या म्हणाल्या. "किल्ली आहे माझ्याकडे."