किटलीतली मातीची म्हैस

गडमुडशिंगीत होता एक आकाराम. त्याची आई धोंडुबाई, लेक क्रांती, दावणीला एक म्हैस. आणि त्या घरची दुधाची किटली ती मी. होय, मीच बोलतेय.

मी कुणावर चटकन विश्वास टाकत नाही. दूध ओतणारा हात पाणीही ओततो, हे किटलीला शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी धोंडुबाई मला घेऊन दूध संस्थेत जायची. दूध घातलं की सरळ घरी. पण यंदा थंडीत तिची वाट वाकडी झाली. मला रिकामीला पदराखाली धरून ती शाळेच्या मागच्या खोलीत शिरायला लागली, आणि येताना माझ्या पोटात ओली माती! म्हटलं, म्हातारी दुधात माती कालवतीय का काय?

त्या खोलीत गणपतराव सर मातीकाम शिकवायचे. खरं तर जायचं होतं क्रांतीला. पण आकाराम गुरकावला होता, "फुडच्या साली धावी हाय. चिखलात हात घालून कुणाचं भलं झालंय?" मग म्हातारी पोरांच्या बाकावर बसून शिकायची आणि गोठ्यात नातीला शिकवायची. क्रांती म्हशीला तासन्‌तास न्याहाळायची. मग बोटं चालायची.

इकडे म्हैस पान्हा चोरायला लागली, दूध निम्म्यावर आलं. आकारामचा संशय शेजारच्या झुंबरबाईवर. बाई येता-जाता गोठ्यात डोकावते म्हणजे काहीतरी असणारच.

एका सकाळी धार काढायला त्यानं माझं झाकण उघडलं. आत मातीची म्हैस, पाठीत सुई रुतलेली.

"करणी!" एका हातात मी, दुसऱ्यात ती म्हैस, असा तो झुंबरबाईच्या दारात. "भाईर ये! माझ्या म्हशीला सुया टोचतीस व्हय?"

"तुझ्या म्हशीला?" झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "करणी येत असती तर आदी माझ्या सुनंवर केली नसती?"

गल्ली गोळा झाली. धोंडुबाई धापा टाकत आली. "आकाराम, तोंड आवर. ती म्हस क्रांतीनं केलीया. सुईनं डोळं कोरत हुती, ती पाठीत खोचून म्हस किटलीत दडवली."

"हिला कुणी शिकवलं?"

"मी. शाळंत जाऊन."

"ह्या वयात?"

"मग कवा? वर गेल्यावर?"

लोक हसले तसा आकाराम पेटला. "आजपास्नं माती बंद!" म्हणून त्यानं म्हैस आपटायला उचलली. गर्दीतनं क्रांती पुढं धावली. पण त्याचा हात तिथंच थांबला.

"ही मागली टांग वाकडी का केलीस?"

"मी न्हाय केली, आबा. ती तशीच उभारती. जाऊन बघा की."

गेला. शेणात रुतलेला खूर उचलला, तर त्यात तारेचा तुकडा! रोज तिच्याच बुडाशी बसून धार काढणाऱ्याला तो दिसला नव्हता. डॉक्टरांनी तार काढली. म्हैस पायावर उभी राहिली, दूध परत आलं.

मग क्रांतीला मातीकामाच्या खोलीत आकारामच सोडायला गेला. संशय होताच, म्हणून "काय शिकवत्यात बघू" म्हणत दारात बसला. काही दिवसांनी आत बसला.

दुधाला आता स्टीलची नवी किटली आली आहे. मी पोचे पडलेली, आता माती ठेवायची किटली झाले. पावणं, तुमच्या घरातलं कुणी, लहान असो की पिकलेलं, गुपचूप काही घडवत असलं, तर झाकण उघडल्या उघडल्या ओरडू नका.

परवा बेंदराला गल्लीतल्या घरोघरी क्रांतीच्या हातचे मातीचे बैल पुजले. त्यात एक आकारामनं केलेला होता. दिसतो गाढवासारखा, पण झुंबरबाईनं तोच मागून नेला.